तल्लफ, ध्यान आणि मेंदूचे मोजमाप

विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका ध्यानाकडे वळले त्यामागे मॉर्फिन होते, हे विपश्यनेच्या साधकांखेरीज फारसे कुणाला ठाऊक नसते. मंडालेत जन्मलेल्या या मारवाडी उद्योजकाला अर्धशिशीचा इतका त्रास होता, की डॉक्टर त्यांना मॉर्फिनची इंजेक्शने देत. हे असेच चालले तर डोके दुखो न दुखो, इंजेक्शन लागेलच, अशी भीती पुढे उभी राहिली. मॉर्फिनशिवाय इलाज शोधत ते युरोप, अमेरिका, जपान फिरून आले. शेवटी १९५५ मध्ये रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे दहा दिवसांच्या शिबिराला बसले. ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल. नुसती डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, असे सांगून त्यांनी आधी गोयंकांना परतच पाठवले होते.

गोयंका १९६९ मध्ये भारतात आले. त्या जुलैत मुंबईत पहिले शिबिर झाले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी सुरू झाले. पहाटे चारला घंटा, आर्य मौन, आधी तीन दिवस फक्त नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास, मग डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरच्या संवेदना पाहणे, आणि त्या सुखद असोत की नकोशा, त्यांच्यावर प्रतिक्रिया न देणे. व्यसनाबद्दल गोयंका एक गोष्ट आवर्जून मांडत. माणूस दारूला चिकटत नाही, दारूमुळे शरीरात उठणाऱ्या संवेदनेला चिकटतो. ती संवेदना तटस्थपणे पाहता आली तर ओढीचे मूळ सैल होते.

हे मत एका आचार्याचे. परंपरेत त्याला आधार आहे आणि ज्याने तल्लफ अनुभवली आहे त्याला ते चटकन पटतेही. पण गेल्या वीसेक वर्षांत त्यावर दुसराच एक दावा चढला आहे: ध्यानाने व्यसनी माणसाच्या मेंदूची रचना बदलते. म्हणजे एमआरआयमध्ये दिसेल, मिलिमीटरच्या अंशात मोजता येईल, असा बदल. व्हॉट्सॲपवर आणि योगवर्गांच्या फलकांवर हा दावा निश्चित विज्ञान म्हणून फिरतो. प्रत्यक्षात त्याचे तीन तुकडे आहेत. ध्यानाने मेंदूची रचना बदलते का? व्यसनाने बदलते का? आणि व्यसनी माणसाने ध्यान केले तर काय होते? पहिल्या दोन प्रश्नांवर भरपूर काम झाले आहे. तिसऱ्यावर, म्हणजे फलकावर लिहिलेल्या नेमक्या प्रश्नावर, फार थोडे.

सुरुवात व्यसनापासून केलेली बरी, कारण तिथे पुरावा भक्कम आहे. अनेक देशांतल्या संशोधकांनी आपापले स्कॅन एकत्र करून केलेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दारू, निकोटिन, कोकेन, मेथॅम्फेटामिन किंवा गांजा यांवर अवलंबून असलेली २,१४० माणसे होती आणि तुलनेला १,१०० निर्व्यसनी. व्यसनींच्या मेंदूत काही भाग सरासरीने लहान किंवा पातळ आढळले. त्यांत इन्सुला होता, कपाळामागच्या भागाचा खालचा पट्टा होता, स्मरणाशी जोडलेला हिप्पोकॅम्पस आणि भीतीसारख्या भावनांशी जोडलेला अमिग्डाला होते. सर्वांत ठळक फरक दारूच्या गटात दिसला.

इन्सुला हा कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या घडीत दडलेला भाग. छातीतली धडधड, पोटातला खड्डा, घशाची कोरड अशा आतल्या जाणिवांची नोंद तिथे होते. २००७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने त्याला एकदम प्रकाशात आणले. पक्षाघात वगैरे कारणांनी मेंदूला इजा झालेल्या ६९ धूम्रपान करणाऱ्यांची चौकशी झाली होती. त्यांपैकी १९ जणांच्या इन्सुलाला इजा होती, आणि या गटातल्या बऱ्याच जणांची सिगारेट अगदी सहज, तल्लफ न येता, पुन्हा न ओढता सुटली होती. शरीराला सिगारेट हवी आहे हेच जणू त्यांना आठवेनासे झाले होते. व्यसन शरीरातल्या संवेदनेला चिकटलेले असते, या गोयंकांच्या म्हणण्याजवळ जाणारा इतका थेट वैद्यकीय पुरावा दुसरा सापडणे कठीण. गंमत अशी, की हा पुरावा ध्यानाच्या सोयीचा नाही. इथे संवेदना पाहणारा भाग निकामी झाल्यावर व्यसन सुटले. ध्यान तर तोच भाग जास्त जागा करते असे मानले जाते. बधिर होऊन सुटणे आणि जागे राहून सुटणे या दोन वाटा आहेत, आणि मेंदूच्या चित्रात त्या उलट्या दिशेनेही दिसू शकतील. तेव्हा ‘इन्सुला जाड झाला म्हणजे बरे झाले’ असे सरळ गणित मांडता येत नाही.

आणखी एक अडचण घराघरातली आहे. कॅरन अर्शे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये केंब्रिजमधून उत्तेजक द्रव्यांच्या आहारी गेलेल्यांची आणि त्यांच्या सख्ख्या, निर्व्यसनी भावंडांची तुलना केली. व्यसनींच्या मेंदूत जे वेगळेपण दिसले, त्यातले बरेचसे भावंडांतही होते. स्वतःला आवरण्याच्या चाचणीत तीही मागे पडली. म्हणजे स्कॅनमध्ये दिसणारा फरक सगळाच द्रव्याने केलेला नसतो, काही आधीपासून असतो. दारूने तो केला असेल तर तो भरून निघण्याची आशा करता येते. जन्मतः असेल तर ध्यानाकडून नेमकी कशाची अपेक्षा करायची, हा प्रश्न वेगळाच होतो.

आता ध्यानाची बाजू. २००५ मध्ये सारा लाझार यांनी बोस्टनमध्ये विपश्यना पद्धतीचे ध्यान करणारे २० अनुभवी साधक आणि १५ इतर माणसे यांचे स्कॅन केले. साधकांच्या मेंदूच्या बाह्य आवरणाचे काही भाग जाड निघाले, उजवा इन्सुला त्यांत होता. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली. २०११ मध्ये ब्रिटा होल्झेल यांचा अभ्यास आला आणि त्याने कहर केला: जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये बांधलेला आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कार्यक्रम केलेल्या १६ जणांच्या डाव्या हिप्पोकॅम्पसमध्ये आणि आणखी काही भागांत ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूपेशींचा करडा भाग, वाढलेले दिसले. ‘आठ आठवड्यांत मेंदू बदलतो’ हे वाक्य तिथून सुटले ते अजून थांबलेले नाही.

१६ माणसे! पुण्यातल्या एखाद्या योगवर्गाच्या एका तुकडीतही याहून जास्त लोक असतात.

तरी कल्पना अशक्य नव्हती. रस्ते पाठ करणाऱ्या लंडनच्या टॅक्सीचालकांचा हिप्पोकॅम्पस वेगळा असल्याचे २००० मध्ये दिसले होते. २००४ मध्ये तीन महिने चेंडू झेलायला शिकलेल्यांच्या मेंदूत ग्रे मॅटर वाढल्याचे आणि सराव सोडल्यावर ते पुन्हा ओसरल्याचे दिसले होते. सरावाने मेंदू हलतो हे त्यामुळे मान्य झालेले होते, फक्त ध्यानाचा पुरावा तेवढा जाड नव्हता. २०१४ मध्ये कायरन फॉक्स आणि सहकाऱ्यांनी तोवरचे २१ अभ्यास, मिळून सुमारे ३०० साधक, एकत्र तपासले. मेंदूचे आठ भाग पुन्हा पुन्हा वेगळे दिसत असल्याचे त्यांनी नोंदवले. सोबत हेही नोंदवले, की होकारार्थी निष्कर्ष जास्त छापले जाण्याची लक्षणे या साहित्यात आहेत.

मग २०२२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून, रिचर्ड डेव्हिडसन यांच्याच प्रयोगशाळेतून, एक निबंध आला. ध्यानाच्या मेंदूविज्ञानाचा सर्वांत उत्साही पुरस्कर्ता म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवावे ते हे डेव्हिडसन. आधी कधीही ध्यान न केलेले २१८ लोक, चिठ्ठ्या टाकून केलेले गट, एका गटाला तोच आठ आठवड्यांचा कार्यक्रम, दुसऱ्याला व्यायाम-आहार-संगीताचा तितक्याच वेळेचा कार्यक्रम, तिसरा नुसता थांबलेला. मेंदूच्या रचनेत तिन्ही गटांत फरक सापडला नाही. ना हिप्पोकॅम्पसमध्ये, ना अमिग्डालात, ना इन्सुलात.

या निबंधाची बातमी मराठीत कुठे ठळक छापून आल्याचे आठवत नाही. ‘मेंदू बदलला नाही’ याला मथळा करणे अवघडच.

याचा अर्थ ध्यानाने रचना कधीच बदलत नाही, असा नाही. जर्मनीत तानिया सिंगर यांच्या प्रकल्पात तीनशेहून जास्त लोकांनी नऊ महिने तीन निरनिराळ्या प्रकारचे सराव केले, आणि कोणता सराव चालू आहे त्यानुसार मेंदूच्या आवरणाची जाडी वेगवेगळ्या जागी बदलल्याचे २०१७ मध्ये मांडले गेले. आठ आठवडे आणि नऊ महिने यांत अंतर आहे. वीस वर्षे रोज बसणाऱ्या साधकाची गोष्ट त्याहून निराळी. पण लाझार यांच्यासारख्या अभ्यासांत साधक आधीच साधक असतात. ते शांत स्वभावाचे असतील, कमी पीत असतील, बहुधा वेळेवर झोपत असतील. ध्यानाने मेंदू तसा झाला की तशा मेंदूची माणसे ध्यानाला टिकली, हे एकदाच काढलेल्या स्कॅनवरून कळत नाही.

यंत्राचीही एक खोड आहे. मेंदूचे बाह्य आवरण सरासरी अडीच मिलिमीटर जाड असते आणि एमआरआयचा एक ठिपका साधारण मिलिमीटरभराचा. म्हणजे बोलतो आहोत ते ठिपक्याच्या अंशाबद्दल. त्यात स्कॅनमध्ये डोके किंचित जरी हलले तरी आवरण खरे असते त्याहून पातळ मोजले जाते, हे २०१५ मध्ये मुद्दाम डोके हलवायला लावून दाखवून दिले आहे. आता विचार करा: त्या खडखडणाऱ्या नळकांड्यात कोण जास्त स्थिर पडेल? दहा दिवस मांडी न बदलता बसण्याचा सराव केलेला साधक, की दारू सोडून चौथा दिवस झालेला, अंगाला कापरे भरलेला माणूस? दोघांच्या मेंदूतला मोजलेला फरक थोडा तरी या हालचालीचा असणार. व्यसन आणि ध्यान हे दोन विषय एकत्र आले की ही चूक नेमकी अपेक्षित निष्कर्षाच्या बाजूला झुकते, म्हणून ती जास्त घातक.

व्यसनींच्या ध्यानावरचे काम रचनेपेक्षा वागण्यावर जास्त झाले आहे, आणि त्याची एक मुळी थेट इगतपुरीपर्यंत येते. सिॲटलजवळच्या नॉर्थ रिहॅबिलिटेशन फॅसिलिटी या तुरुंगात १९९७ पासून गोयंकांच्या पद्धतीची दहा दिवसांची शिबिरे होऊ लागली. तिहारमध्ये १९९४ साली किरण बेदींच्या काळात हजाराहून अधिक कैदी एकाच शिबिराला बसले होते, त्याचे नाव तिथवर पोहोचले होते. वॉशिंग्टन विद्यापीठातले ॲलन मार्लाट हे व्यसन पुन्हा का जडते या विषयातले मोठे नाव. त्यांनी आणि सेरा बोवेन यांनी या कैद्यांचा पाठपुरावा केला. सुटकेनंतर तीन महिन्यांनी शिबिर केलेल्यांचे दारू, गांजा आणि क्रॅक कोकेनचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच कमी होते. अभ्यास २००६ मध्ये छापून आला. पण शिबिराला कैदी आपणहून बसले होते, आणि तीन महिन्यांनी माहिती देणारे थोडेच उरले होते.

दहा दिवस मौनात बसणे सगळ्यांना झेपत नाही, म्हणून या मंडळींनी आठ आठवड्यांचा एक सुटसुटीत कार्यक्रम बांधला. त्यात मार्लाट यांची जुनी युक्ती मध्यभागी होती: तल्लफ ही लाट आहे, ती चढते, माथ्यावर येते आणि उतरते; तिच्याशी झगडू नका, तिच्यावर स्वार व्हा. २०१४ मध्ये २८६ लोकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीचा उपचार, घसरण रोखण्याचे मार्लाट यांचेच जुने प्रशिक्षण आणि माइंडफुलनेसवर आधारलेले नवे प्रशिक्षण, असे तीन गट होते. सहा महिन्यांपर्यंत दोन्ही प्रशिक्षणे नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरली; पहिल्यांदा द्रव्य घेण्याची वेळ लांबवण्यात तर जुने प्रशिक्षणच पुढे होते. वर्षाअखेरीला मात्र माइंडफुलनेसच्या गटात व्यसनाचे दिवस कमी होते. धूम्रपानावर जडसन ब्रूअर यांनी ८८ जणांची चाचणी २०११ मध्ये केली. सतरा आठवड्यांनी सिगारेट पूर्ण सुटलेले ध्यानाच्या गटात ३१ टक्के होते, दुसऱ्या गटात ६ टक्के.

अशा एकेका अभ्यासाने मन हरखते. सगळे एकत्र मांडले की उत्साह उतरतो. २०१७ मध्ये नऊ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला, त्यात घसरणीच्या बाबतीत ध्यानाचा गट इतर उपचारांपेक्षा वेगळा दिसला नाही. तल्लफ आणि सोडतानाचा त्रास यांत थोडासा फायदा होता. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात २,८२५ लोकांवरच्या ३५ चाचण्यांचे आकडे तपासले गेले आणि निष्कर्ष निघाला तो ‘अनिश्चित’ या शब्दाभोवती. धूम्रपानावरचा पुढच्या वर्षीचा आढावा आठ हजारांहून अधिक लोकांचा होता, त्यातही ठोस फायदा दिसला नाही. ध्यान निरुपयोगी आहे असे यातून सिद्ध होत नाही. इतर चांगल्या उपचारांच्या पंक्तीला बसेल, एवढे ते दिसते. सगळ्यांच्या वर बसेल असे दिसत नाही.

मेंदूचे काय? व्यसनी माणसांत ध्यानानंतर मेंदूचे काम बदलते, याचे पुरावे आहेत. यी-युआन टँग, रोंगशियांग टँग आणि मायकेल पोझ्नर यांनी २०१३ मध्ये २७ धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास छापला. दोन आठवड्यांत मिळून पाच तास ध्यान केलेल्यांचे धूम्रपान ६० टक्क्यांनी घटले, नुसते शिथिलीकरण करणाऱ्यांचे घटले नाही. स्वतःला आवरण्याशी जोडलेल्या मेंदूच्या पुढच्या भागांत हालचाल वाढलेली दिसली. याच संशोधन-गटाने त्याआधी विद्यापीठातल्या निर्व्यसनी विद्यार्थ्यांत सुमारे अकरा तासांच्या सरावानंतर व्हाइट मॅटरच्या तंतूंत बदल नोंदवला होता. या दोन अभ्यासांची सांगड घालून ‘ध्यानाने व्यसनींच्या मेंदूची वायरिंग बदलते’ असे लिहिणारे खूप आहेत. पण तंतू मोजले विद्यार्थ्यांचे आणि सिगारेट कमी झाली दुसऱ्यांची. एकाच व्यसनी माणसाचे ध्यानाआधी आणि ध्यानानंतर रचनेचे मोजमाप, पुरेशी संख्या, चिठ्ठ्या टाकून केलेले गट, वर्षभराचा पाठपुरावा, हे सारे एकत्र असलेले काम हाताच्या बोटांवर मोजावे इतकेही भरत नाही.

ते सोपेही नाही, कारण व्यसन नुसते सुटले तरी मेंदू भरून येऊ लागतो. टिमथी डुराझो यांनी दारू सोडलेल्यांचे वारंवार स्कॅन केले आणि २०२३ मध्ये मांडले, की सुमारे सात महिन्यांत मेंदूच्या आवरणाच्या अनेक भागांची जाडी वाढते, आणि वाढीचा वेग पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतो. पोटात जेवण जाऊ लागते, झोप लागते, थायमिन हे जीवनसत्त्व मिळते. दारुड्याच्या मेंदूची बरीच हानी थायमिनच्या कमतरतेनेही होते. आता या महिन्यात त्या माणसाने रोज वीस मिनिटे डोळे मिटून श्वास पाहिला असेल, तर वाढलेल्या जाडीचे श्रेय कुणाच्या खात्यात घालायचे?

पुण्यातल्या मुक्तांगणकडे पाहिले की हा गुंता हाताला लागतो. अनिल अवचटांनी ब्राउन शुगरवर, म्हणजे गर्दवर लिहिले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले, आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे दाखल झालेला माणूस पाच आठवडे राहतो. टर्की, म्हणजे सोडतानाचा त्रास, उतरेपर्यंत औषधे, मग योगासने, प्राणायाम, गटचर्चा, गाणी, कामाच्या पाळ्या, आणि ज्यांनी स्वतः व्यसन सोडले आहे असे कार्यकर्ते भोवती. बायकोलाही बोलावतात, तिच्यासाठी वेगळा गट असतो. बाहेर पडल्यावर फॉलोअप, आणि ‘स्लिप’ झाली तरी दार बंद नाही. यातले ध्यान-प्राणायाम तेवढे वेगळे काढून त्याचा मेंदूवरचा परिणाम मोजा, असे कुणी म्हटले तर मोजणार कसे? मुक्तांगणच्या कामाची ताकदच अशी, की तिथे काहीच एकटे नसते.

खेड्यातली जुनी रीतही अशीच गुंतलेली. गळ्यात तुळशीची माळ पडली की माणूस दारू सोडतो, मटण सोडतो, आणि सोडले हे साऱ्या गावाला दिसते. माळकऱ्याला गुत्त्यावर पाहिले तर लोक हटकतात. पहाटेचा काकडा, भजन, एकादशी, वारी यांत नामस्मरण असते आणि त्याला ध्यान म्हणायला कुणाची हरकत नसावी. पण दारू सुटली ती नामाने, की चारचौघांत घेतलेल्या शपथेने, की संध्याकाळची ती दोन तासांची पोकळी टाळ-मृदंगाने भरली म्हणून? मेंदूच्या चित्रात तिन्ही एकाच रंगात उमटतील.

खेड्याचीच गोष्ट पुढे न्यायची, तर पुणे जिल्ह्यात नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनी हे गाव लागते. सरकारने वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव दिले आहे. पुणे इथून सुमारे पन्नास किलोमीटर. वर सांगितलेले सिगारेटचे अभ्यास या पट्ट्यात कितपत लागू पडतात, हे विचारायलाच हवे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. पण ओढणारे फक्त ३.८ टक्के, आणि खाणारे, चघळणारे, दाताला लावणारे २४.४ टक्के. तंबाखू-चुना, गुटखा, मशेरी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुणाला दुर्मिळ झाल्याचे ऐकिवात नाही.

मशेरीचे प्रकरण तर संशोधकांच्या फारसे खिजगणतीतच नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, भात लावणीच्या मधल्या सुट्टीत बोटाने दाताला लावायची. आजीला व्यसन आहे का असे विचारले तर घरातले हसतील. दात दुखत होते म्हणून सुरू केली, ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे ती स्वतः सांगेल. ‘आपल्याला व्यसन आहे’ हे मान्य करण्यापासून माइंडफुलनेसचा कार्यक्रम सुरू होतो, आणि इथे ती पहिली पायरीच नाही. शिवाय आठ आठवडे दर आठवड्याला दोन तासांचा वर्ग आणि घरी रोज अर्धा-पाऊण तास सराव हे वेळापत्रक शहरी नोकरदाराचे आहे. आषाढात खाचरात उभ्या असलेल्या बाईला ते कोण सांगणार?

दारूच्या बाबतीत ध्यानाच्या उत्साहाचा प्रत्यक्ष धोकाही आहे. बरीच वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर दोन-तीन दिवसांत कापरे, झटके, भ्रम होऊ शकतात, आणि त्यात माणूस दगावतोही. अशा अवस्थेत त्याला शिबिरात नेऊन बसवणे किंवा ‘श्वासाकडे लक्ष दे’ म्हणणे हा उपचार नव्हे. आधी डॉक्टर, औषध, थायमिन, ध्यान त्यानंतर. विपश्यनेच्या केंद्रांतही अर्जात आजार आणि व्यसनांची माहिती मागतात, ती उगीच नाही.

मेंदूची चित्रे बाजूला ठेवून या भागाच्या जवळ जाणारा पुरावा शोधायचा तर तो गोव्यात आहे. संगाथ या संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, दारूने नुकसान होऊ लागलेल्या ३७७ पुरुषांवर चाचणी केली. मानसोपचाराचे शिक्षण नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी प्रत्येकाला एक ते चार बैठकी दिल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याबाहेर होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांतले २६ टक्के. वर्षभरानंतरही अंतर टिकले. निबंध २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्या बैठकींत तल्लफ आली की काय करायचे, याचाही एक भाग होता. कुणाचाही स्कॅन काढलेला नव्हता, आणि त्यावाचून काही अडले नाही.

रचनेचा प्रश्न तरीही सोडून देण्याजोगा नाही. तो नीट विचारायचा तर महाराष्ट्रात विचारणे सोयीचे आहे. इगतपुरीसारखी केंद्रे इथे, मुक्तांगणसारखी अनुभवी संस्था इथे, पुण्यात स्कॅनची यंत्रे, आणि भोर-वेल्ह्यासारखे तालुके तासा-दोन तासांवर. गोव्यातल्यासारखी समुपदेशनाची बैठक आणि ध्यान, नुसती बैठक, आणि नेहमीची सेवा असे तीन गट चिठ्ठ्या टाकून करावे लागतील. मशेरी किंवा तंबाखू खरोखर सुटली का, ते तोंडी विचारून भागणार नाही, लघवीतले कोटिनिन, म्हणजे निकोटिनचा शरीरात उरणारा अंश, तपासावे लागेल. पहिला स्कॅन सोडण्याआधी, दुसरा महिन्याने, तिसरा सात-आठ महिन्यांनी, डोक्याच्या हालचालीची वेगळी नोंद ठेवून, आणि मोजणाऱ्याला कुणाचा गट कोणता हे न सांगता. आणि जे पुन्हा घसरले त्यांनाही तिसऱ्या स्कॅनला गाडी पाठवून आणावे लागेल. त्यांना गाळले तर शेवटी उरतात ते सुटलेलेच, आणि नुसत्या सुटण्याने भरून आलेला मेंदू ध्यानाच्या नावावर जमा होतो.